दुबईत मराठी ख्रिस्ती घर चालवताना

अहिल्यानगर, पुणे, वसईकडून आखातात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला पहिली भीती असते ती चर्चची: तिथे उपासना करू देतात का? अमिरातीपुरतं उत्तर सोपं आहे. करू देतात, आणि मोकळेपणाने. अबू धाबीत पहिलं कॅथलिक चर्च १९६५ साली उभं राहिलं, दुबईच्या ऊद मेथा भागातलं सेंट मेरीज १९६७ साली. खरी अडचण येते वेळापत्रकाची, कागदांची आणि मराठीची. त्यामुळे इथे मुख्यतः दुबई आणि आसपासचंच सांगितलं आहे. कुवेत, कतार, ओमान यांचे नियम वेगळे आहेत, आणि सौदीत तर चर्चच नाही. तिथे जाणाऱ्यांनी ही माहिती जशीच्या तशी लागू करू नये.

निघण्यापूर्वीची फाइल

बायकोमुलांचा व्हिसा काढायचा तर लग्नाचा आणि जन्माचा दाखला प्रमाणित करून घ्यावा लागतो. क्रम असा: आधी महाराष्ट्र शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. ओमान, बहारीन, सौदीला नुसतं अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, दूतावासाशिवाय) चालतं म्हणून एजंट कधीकधी तेच करून देतो. अमिरातीत ते पुरत नाही आणि दाखला परत मुंबईला पाठवावा लागतो.

चर्चमध्ये लग्न झालेल्यांची ठरलेली चूक म्हणजे फक्त पाळकसाहेबांच्या सहीचा दाखला घेऊन येणं. त्याच्यासोबत सरकारी निबंधकाकडचा दाखलाही काढून ठेवा. दोन्हींवरची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवीत. आपल्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं दुसरं आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरं, असं सर्रास असतं. फरक असेल तर दुरुस्ती गावातच करून घ्या. नवऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची सोय असेल, तर कुटुंबाला स्पॉन्सर करता येतं.

चर्चसाठीचे कागद वेगळे. घरातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरण झालं असेल तर त्याचा, आणि मंडळीच्या लेटरहेडवर सदस्यत्वाचं पत्र घ्या. कॅथलिकांनी बाप्तिस्म्याचा उतारा नव्याने काढलेला आणावा. मुलाचं प्रथम कम्युनियन किंवा भावाबहिणीचं लग्न तिकडे करायचं ठरलं की जुना पिवळा कागद चालत नाही. सगळं स्कॅन करून फोनमध्ये ठेवा आणि मूळ प्रती हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या पेटीत कधीच नको.

स्वतःचं पवित्र शास्त्र, गायनाचं पुस्तक, गळ्यातला क्रूस, भिंतीवरची तसबीर हे सगळं न्यायला हरकत नाही. एकाच पुस्तिकेच्या पन्नास प्रती मात्र नेऊ नका. ते वाटपाचं सामान दिसतं. सामानातली सगळ्यात धोक्याची वस्तू धर्माची नाहीच, स्वयंपाकघरातली आहे: खसखस. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांत मोजली जाते. नुसती पुडी टाळून भागत नाही. वसईचा बॉटल मसाला, कांदा-लसूण मसाला, घरचा गोडा मसाला, आजीने दिलेले अनारसे, करंज्यांचं सारण यांत ती असते. मसाला खसखशीविना वेगळा दळून घ्या. सासूबाईंनी प्रेमाने भरलेला डबा असेल तरी विचारून खात्री करा. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या नेण्याआधीही तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते.

रविवार कुठल्या वारी?

आखातात पूर्वी शुक्रवारीच मोठी उपासना असायची, कारण सुट्टी शुक्रवारी. अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी धरली, शुक्रवार अर्धा दिवस. शारजात सरकारी कार्यालयं शुक्रवार ते रविवार बंद असतात. खासगी कंपन्या आपापल्या परीने चालतात, आणि दुकान, हॉटेल, बांधकाम यांत नोकरी असेल तर आठवड्याची सुट्टी मंगळवारीही येऊ शकते. कुवेत, कतार, ओमान, बहारीनमध्ये सुट्टी अजून शुक्रवार-शनिवारीच आहे.

म्हणून घर घेण्याआधी नवऱ्याची सुट्टी, बायकोची सुट्टी आणि मुलांची शाळा यांचा तक्ता मांडा, आणि त्यात बसणारी उपासनेची वेळ शोधा. दुबईत चर्चची दोन मोठी आवारं आहेत. ऊद मेथाला सेंट मेरीज आणि होली ट्रिनिटी जवळजवळ आहेत, आणि मेट्रोच्या ग्रीन लाइनवर ऊद मेथा नावाचंच स्थानक आहे. दुसरं जेबेल अलीला: सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची चर्चेस, शेजारीच गुरुद्वारा आणि हिंदू मंदिर. तिथे गाडीविना जाणं म्हणजे टॅक्सीचं भाडं. गाडी नसेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी मेट्रोजवळ राहावं. लांब राहणारी कुटुंबं पहिले दोन महिने नेमाने येतात, मग उन्हाळा सुरू होतो आणि महिन्यातून एकदाच दिसू लागतात.

प्रोटेस्टंट आवारांत एकाच सभागृहात एकामागून एक बऱ्याच मंडळ्यांच्या उपासना होतात. आपली वेळ संपली की पुढच्यांना सभागृह द्यावं लागतं. गावाकडे उपासनेनंतर दारात तासभर गप्पा रंगतात, ते इथे बाहेर अंगणात करायचं. आवारात शिरतानाचे सुरक्षेचे नियम पाळा, मोठी बॅग आणू नका.

इंग्रजी, मल्याळम, तमिळ, तगालोग या भाषांतली उपासना सहज मिळते. दर आठवड्याला मराठीत उपासना मिळेलच असं धरून चालू नका. हिंदी किंवा कोकणीवर वेळ निभावते, पण मुलांची मराठी प्रार्थना चर्चमधून येणार नाही. ती घरातून यावी लागते.

घरची उपासना: पंधरा मिनिटं, पण रोज

अमिरातीची वेळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. गावाकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे साडेसहा झालेले असतात. आजी-आजोबांना जागं ठेवायचं नसेल तर त्यांच्यासोबतची प्रार्थना जेवणाआधी घ्या. व्हॉट्सअॅपचा कॉल इथे लागत नाही, मेसेज जातात. झूम, टीम्स किंवा बोटिम चालतं. व्हीपीएन लावून कायद्याला वळसा घालण्याचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. त्यासाठी जबर दंड आहे.

क्रम लहान ठेवा: एक गायन, सहा-सात ओव्यांचं वाचन, मुलाचं एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. 'उपासना संगीत'ची एक छापील प्रत घरात हवीच, कारण फोनवर शब्द शोधताना मुलं दुसरीकडे सरकतात. वाचनासाठी मराठी पवित्र शास्त्र मोठ्या टायपातलं घ्या. इथल्या शाळेत मुलं इंग्रजी-अरबी शिकतात, देवनागरीचा सराव तेवढाच. एका मुलाने मराठीतून वाचावं आणि दुसऱ्याने तेच आपल्या शब्दांत सांगावं. दोघांनीही इंग्रजीतून वाचलं तर काम सोपं होतं, पण वर्षभरात मराठी जाते. पेटी असेल तर रात्री नऊनंतर नको, भिंती पातळ आहेत. भजनाला टाळ-खंजिरी हवीच असेल तर शनिवारी सकाळी.

घरात दोन-तीन कुटुंबं जमून प्रार्थना करणं आणि फ्लॅटला दर आठवड्याचं चर्च करणं यांत फरक आहे. मुस्लिमेतर प्रार्थनास्थळांसाठी २०२३ साली खास संघीय कायदा झाला आहे आणि परवाना नसलेली जागा त्यात बसत नाही. नियमित चाळीस माणसं येत असतील तर मंडळीमार्फत आवारातली खोली मागा. शेजाऱ्याची तक्रार साधारण गाड्यांवरून सुरू होते आणि कधी गाण्यावरून.

पैसा आणि धर्मप्रचार: इथे चूक महाग पडते

गावाच्या मंडळीचं छप्पर गळतंय म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर चंदा गोळा करणं आपल्याला पुण्याचं काम वाटतं. इथे तो गुन्हा ठरू शकतो. देणगी गोळा करण्याचे नियम २०२१ च्या कायद्याने कडक केले आहेत. परवाना असलेल्या संस्थेखेरीज कुणीही आवाहन करायचं नाही. दान चर्चच्या पेटीत किंवा पाकिटात टाका.

गावी स्वतःच्या कमाईतून द्यायचं तर बँकेमार्फत, आपल्या खात्यातून, थेट मंडळीच्या खात्यात पाठवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम एफसीआरएखालची (भारताच्या परकीय देणगी कायद्याखालची) देणगी धरत नाहीत. दुसरा पासपोर्ट घेतला असेल तर धरतात, आणि एफसीआरए नोंदणी नसलेली मंडळी त्याने अडचणीत येते. पाठवताना पावती मागून घ्या. मंडळीच्या खजिनदारालाही हे लिहून कळवा, नाहीतर बँकेच्या एका प्रश्नाने तो घाबरून रक्कम परत करेल.

मुस्लिम माणसाला धर्मांतराचं आमंत्रण, पत्रकं वाटणं, कामावरच्या ग्रुपवर प्रवचनाची चित्रफीत टाकणं, हे सगळं टाळा. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही येशूला काय मानता, तर सरळ आणि थोडक्यात सांगायला हरकत नाही. त्याच्या धर्माशी तुलना करायची नाही. मुलांनाही हे समजावून सांगा, कारण शाळेच्या बसमध्ये हा विषय निघतोच. उपासनेत इतरांच्या मुलांचे फोटो त्यांना न विचारता काढून ग्रुपवर टाकू नका, त्याबद्दलही कायदा कडक आहे.

शाळा, संडे स्कूल आणि रमजान

खासगी शाळांतही अरबी भाषा शिकावी लागते. इस्लामिक स्टडीज मुस्लिम मुलांनाच सक्तीचं आहे. प्रवेशाच्या अर्जात धर्म लिहायचा असतो. रकाना रिकामा ठेवलात तर पहिल्या आठवड्यात मूल चुकीच्या तासाला बसतं.

भारतीय अभ्यासक्रमाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तर संडे स्कूल किंवा कॅटेकिझम बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्ये. मेमध्ये आलेलं कुटुंब सप्टेंबरला चौकशीला जातं तेव्हा जागा भरलेल्या असतात. आल्या आठवड्यात नाव घाला. प्रथम कम्युनियनच्या वर्षी वर्गाच्या हजेरीवर लक्ष असतं, म्हणून त्या वर्षी गावची वारी जुलै-ऑगस्टमध्येच उरका.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. २०२५ साली तो १ मार्चला सुरू झाला आणि भस्म बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला होता, त्यामुळे दोन्ही उपवासकाळ जवळजवळ सोबतच चालले. अशा वर्षी मुस्लिम सहकारी आणि तुम्ही दोघेही उपाशी असता. त्यावर बोलणं निघालं तर मैत्री जुळते. या महिन्यात कायद्याने कामाचे दोन तास कमी होतात, बिगर-मुस्लिमांचेही. दिवसा रस्त्यात, ऑफिसच्या खुल्या जागेत खाऊ-पिऊ नका. घरात, उपाहारगृहात किंवा नेमून दिलेल्या खोलीत खा. मेट्रोत तर बारा महिने पाण्याचा घोटही नको, १०० दिरहॅम दंड आहे. इफ्तारचं बोलावणं आलं तर जा, खजूर किंवा फळं न्या, उजव्या हाताने द्या. आणि अभिवादनाचा प्रश्न आपल्याला नाहीच: मराठी ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना 'सलाम'च म्हणत आला आहे!

गुड फ्रायडे आणि नाताळ, दोन्ही इथे सरकारी सुट्ट्या नाहीत. १ जानेवारी आहे. नाताळची रजा सप्टेंबरमध्येच टाका, विमानाची तिकिटंही तेव्हाच पाहा.

मृत्युपत्र

हे कुणी आवडीने वाचत नाही, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ पासून बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर अमिरातीतल्या मालमत्तेचा अर्धा भाग जोडीदाराला, अर्धा मुला-मुलींना सारखा. भारतातल्या ख्रिस्ती वारसा कायद्यात हे प्रमाण विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश असं आहे, त्यामुळे दोन्हीकडे मालमत्ता असेल तर गोंधळ होतो. मृत्यूनंतर बँकखातं गोठतं. दोघांनीही स्वतंत्र मृत्युपत्र नोंदवा, त्यात आपल्यानंतर मुलांना सांभाळणाऱ्या पालकाचं नाव घाला (अमिरातीत राहणारा एक तात्पुरता, गावचा एक कायमचा), आणि रोजच्या खर्चाचे तीन महिन्यांचे पैसे प्रत्येकाच्या एकट्याच्या नावाच्या खात्यात ठेवा.

नाताळचं फराळ, आखाती हवेत

तयारी १० डिसेंबरपासून धरा, अनारसे त्याच्याही आधी. २ आणि ३ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, तीच करंज्या-चकल्यांच्या पिठांची चाचणी घ्यायला सोयीची.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलून. गोची अशी की इथल्या टाकीचं पाणी वर्षातले बरेच महिने कोमट असतं आणि तांदूळ दुसऱ्याच दिवशी आंबट वासाला लागतो. फिल्टरचं गार पाणी घ्या आणि भांडं एसीच्या खोलीत ठेवा. उपसून सुती कापडावर सावलीत पसरा. हाताला किंचित दमट लागले की दळा, पूर्ण कोरडे होऊ देऊ नका. पीठ आणि किसलेला गूळ वजनाने सारखे घ्या, मळून घट्ट गोळा करा, डबाबंद करून पाच-सहा दिवस ठेवा. थापताना वर खसखस नाही, पांढरे तीळ. तूप मध्यम गरम, आच मंद. पहिला एकच तळून पाहा. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ जास्त आहे किंवा पीठ ओलं राहिलं. दोन-तीन चमचे कोरडी तांदळाची पिठी मळून पुन्हा एक टाका. टणक निघाला तर पिठात चमचाभर दूध.

करंजीच्या सारणात सुकं खोबरं भाजून घ्या. तयार किसलेलं पाकिटातलं खोबरं चालतं, पण त्यात काहीवेळा साखर असते. पाकीट वाचा आणि पिठीसाखर त्या मानाने कमी करा. खसखशीच्या जागी भाजलेले तीळ, वाटीभर खोबऱ्याला दोन चमचे.

वसईच्या पद्धतीचे फुगे (मैद्याचं पीठ फुगवून तळलेले गोळे) हवे असतील तर ५०० ग्रॅम मैदा, २ अंडी, २५० ते ३०० मिलिलिटर कोमट नारळाचं दूध, ७ ग्रॅम झटपट यीस्ट, दोन चमचे साखर, चवीला मीठ. पीठ सैल, हाताला चिकटणारंच हवं. पीठ फुगवायला ताडी इथे विसरा. उबदार घरात तासा-दीड तासात पीठ दुप्पट होतं. गावच्यासारखं रात्रभर ठेवलं तर आंबट होऊन तळताना तेल पितं. मुठीतून बोटांत दाबून तेलात सोडा, हात दर वेळी पाण्यात बुडवून.

केकच्या सुकामेव्याला रम लावण्याचा प्रश्न दोन गोष्टींवर ठरतो: तुम्ही कुठे राहता आणि केक कुणाला देणार. शारजात दारूला पूर्ण बंदी आहे. मुस्लिम शेजाऱ्याला रमचा केक देणं म्हणजे फसवणूक. ५०० ग्रॅम सुकामेवा ३०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात, दोन चमचे लिंबूरस आणि दालचिनीचा तुकडा घालून फ्रिजमध्ये दोन दिवस भिजवा. हा केक आठवडाभरात संपवायचा, रमसारखा महिनाभर टिकत नाही. द्राक्षं, साखर आणि यीस्टची बरणी भरून घरी वाइन करणं मात्र कुठेच करू नका. तो गुन्हा आहे, सणाची सबब चालत नाही. डुकराचं मांस सुपरमार्केटच्या वेगळ्या कोपऱ्यात मिळतं. ते करणार असाल तर त्या तेलात किंवा भांड्यात शेजाऱ्याला द्यायचं काही तळू नका.

तळणाच्या दिवशी खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, स्वयंपाकघराचं दार बंद. धुराचा अलार्म वाजला की साऱ्या इमारतीला खाली उतरावं लागतं. गव्हाणीजवळ मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा लावा. नाताळचा तारा बाल्कनीबाहेर लटकवण्याआधी वॉचमनला विचारा. बहुतेक इमारतींत परवानगी नसते, काचेच्या आतून लावला तरी रस्त्यावरून दिसतो.

ताटल्या २३ तारखेलाच वाटून टाका: शेजारी, मुलांच्या बसचा ड्रायव्हर, वॉचमन, ऑफिसातले. प्रत्येक डब्यावर घटक लिहिलेली चिठ्ठी लावा: अंडी आहेत की नाही, तूप कुठलं. २४ ला संध्याकाळच्या उपासनेला मेट्रोनेच निघा, तासभर आधी. मोठ्या चर्चमध्ये आत जागा मिळत नाही, अंगणात बसावं लागतं. डिसेंबरच्या रात्री तिथे गार वारा सुटतो, मुलांचे स्वेटर बरोबर असू द्या.